बहनजींच्या खोलीतला कूलर

मागच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळात विजेच्या बचतीवर एक छोटा कार्यक्रम झाला. वक्ता मी होतो. माझी ओळख करून देताना सचिव म्हणाले, "चार बिऱ्हाडांना एका कूलरवर उन्हाळा काढायला ज्यांनी शिकवलं, ते आज आपल्यासमोर आहेत." टाळ्या झाल्या. ही गोष्ट जबलपुरात माझ्या नावावर इतकी वर्षं फिरते आहे की ती ऐकताना माझा चेहरा आपोआप नम्र होतो. त्या दिवशीही झाला. मी बोललो, शाल घेतली, समोसा खाल्ला आणि घरी आलो. जेवताना सुनेने विचारलं, "बाबा, ती आयडिया तुम्हाला सुचली कशी?"

"सुचली अशीच," मी म्हणालो.

मंडळात हे खपून गेलं होतं. पण आपल्याला गरम पोळी वाढणाऱ्या मुलीशी तेच बोललो, ते माझं मलाच खपलं नाही.

मला ती सुचली नव्हती. जिला सुचली त्या बाईमुळे माझे वडील एका उन्हाळ्यातून वाचले, आणि त्याच उन्हाळ्यात मी तिच्यावर आळ येऊ दिला. हे आता लिहून टाकतो.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. राज्यांची फेररचना झाली तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, आणि माझी नोकरीही इकडेच राहिली. आईवडील गावी, मी इथे. पुढे लग्न झालं, क्वार्टर मिळालं. एका सरकारी खात्याच्या विद्युत शाखेत मी सुपरवायझर होतो. ऑफिसांचं आणि क्वार्टरांचं वायरिंग तपासायचं, कुणी फ्यूजमध्ये जाड तार घातलेली सापडली की त्याची खरडपट्टी काढायची, हे माझं काम. ते मी आवडीने करायचो.

आमची इमारत दुमजली होती. दोन घरं खाली, दोन वर. जिन्याखाली सगळ्या इमारतीचं मिळून एक मीटर आणि एकच मेन फ्यूज. बांधली तेव्हा घरात काही दिवे आणि पंखे असतील एवढंच कुणीतरी धरलं होतं. विजेचे पैसे पगारातून ठरलेले कापले जात. जाळा नाहीतर वाचवा, कपात तीच. त्यामुळे इमारतीत कुणाचाच हात बटणाकडे जात नसे. न्हाणीघरातला दिवा सकाळी लागला की झोपतानाच विझायचा. हिवाळ्यात कॉइलचा हीटर स्वयंपाक उरकल्यावरही लालभडक राहायचा, कारण येताजाता हात शेकायला बरा. रिकाम्या खोलीतला पंखा कुणी बंद केलाच तर आतून आवाज यायचा, "काहून बंद केला? तुझ्या बापाची वीज आहे का?" आमच्या घरात तो आवाज बहुतेक वेळा माझा असे. दिवसभर ऑफिसच्या भिंतींवर 'वीज वाचवा'च्या पाट्या लावून मी घरी यायचो आणि चारही पंखे सोडून द्यायचो.

आमच्या बरोबर खाली बहनजी राहायच्या. त्या शाळेत शिकवत, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना बहनजी म्हणायचा. त्यांचे यजमान खमरियाला कारखान्यात होते. सकाळची बस चुकू नये म्हणून धावताना तेसुद्धा जिन्यातून हाक मारायचे, "बहनजी, डबा!" आणि आतून उत्तर यायचं, "आज भी भूले? घ्या, भाईसाहब!" त्यांचं घराणं मराठ्यांच्या वेळेपासून इथलं. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. आम्हाला त्या 'कच्चे जबलपुरी' म्हणायच्या.

एका मार्चमध्ये गावी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. आई त्याआधीच गेली होती. मी त्यांना इकडे आणलं. उजवं अंग गेलेलं, जीभ जड झालेली. सगळं समजायचं, पण बोललेलं आम्हाला कळायचं नाही, म्हणून चिडून त्यांनी बोलणंच सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "उन्हाळा सांभाळा. ह्यांना उष्णता सोसणार नाही. एवढे दोन महिने काढले तर मग काळजी नाही."

आणि आमचं घर वरचं, थेट स्लॅबखाली. मे महिन्यात दुपारी भिंतीला टेकलं तर पाठ चटकायची. मी कूलर आणला, वडिलांच्या खाटेशेजारी लावला, दारंखिडक्या घट्ट बंद केल्या आणि पूर्ण वेगावर सोडला. खोली गार होईना, चिकट व्हायला लागली. मी आणखी एक पंखा लावला. योगायोगाने त्याच आठवड्यात बहनजींकडेही पत्र्याचा नवा कूलर आला. वर आमच्या शेजारी शहपुऱ्याचे एक बाबू होते, त्यांच्याकडे दुपारी इस्त्री चालायची. झालं. रोज दुपारी फ्यूज उडू लागला. बायको खाटेशी उभी राहून वडिलांना वारा घालायची सुपाने, आणि मी ऑफिसातून सायकल मारत येऊन तार बदलायचो.

एका सकाळी मी फ्यूजमध्ये तारेचे पदर पिळून जाडजूड वेढा घातला. वडिलांचा पंखा थांबू नये, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला साऱ्या ऑफिससमोर झाडलं असतं. फ्यूज उडणं म्हणजे वायरिंगने मारलेली हाक असते, हे वाक्य मीच नव्या पोरांना ऐकवायचो.

फ्यूज उडायचा थांबला. इमारत खूश झाली. शहपुऱ्याचे बाबू म्हणाले, "सुपरवायझर साहब का हाथ लगा है!" आता इस्त्रीही चालली, दोन्ही कूलर चालले, चौथ्या घरात कुणीतरी हीटरवर चहा करू लागलं. मग एका भर दुपारी जिन्याखालून रबर जळल्याचा वास आला, धूर निघाला, आणि खांबापासून आलेली केबल आतल्या आत जळून गेली.

मी येईपर्यंत ओव्हरसियर आला होता. फ्यूजचा पार कोळसा झाला होता, त्यात काय होतं ते आता कुणाला दिसणार नव्हतं. त्याने वही काखेत धरली आणि विचारलं, "लोड किसका बढ़ा है, साहब?"

मी म्हणालो, "नीचेवालों का नया कूलर आया है."

शब्द खरे होते. माझाही कूलर नवाच होता, तो मी गाळला. बहनजी दारात उभ्या होत्या. ओव्हरसियर त्यांच्याकडे वळून म्हणाला की परवानगी मिळेपर्यंत तुमचा कूलर लागणार नाही, आणि नवी केबल भांडारातून यायला आठवडा तरी जाईल. इमारतीतली सगळी माणसं बहनजींकडे बघत होती. चौथ्या घरातली बाई तर ऐकू जाईल अशी म्हणाली, "लो, हो गई ठंडक!"

ओव्हरसियर गेला. मी जिना चढायला लागलो तसं मागून आवाज आला.

"भाऊजी, तार तुम्हीच पिळून घातली होती नं? मी दूध घेऊन येत होते, पाहून राहिले होते तुम्हाला."

मी पायरीवरच मागे वळलो.

"ते राहू द्या. त्याचं भांडण मी करणार आहे, सोडणार नाही. पण अभी नहीं. आधी बाबांना खाली आणा. वरती भट्टी झाली असेल."

त्यांचे यजमान कामावरून आले तेव्हा आम्ही दोघांनी आणि बाबूंनी वडिलांना खुर्चीत बसवून खाली नेलं. बहनजींची मागची खोली उत्तरेची होती, वर आमचं घर असल्याने तिला स्लॅबचं ऊन नव्हतं, मागे कडुनिंब होता. पंखा नाही, कूलर नाही, आणि तरी आत पाय ठेवल्यावर वडिलांनी हुश्श केलेलं मला ऐकू आलं. बोलणं सोडल्यापासून त्यांनी स्वतःहून काढलेला तो पहिला आवाज.

त्या आठवड्यात मी जे पाहिलं ते माझ्या शाखेत कुणी शिकवलं नव्हतं. बहनजी पहाटे सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. ऊन अंगणात उतरायच्या आत स्वयंपाक उरकायचा, तोही मागच्या ओट्यावर, म्हणजे चुलीची धग घरात येत नसे. मग खिडक्या लावायच्या, दारावर गोणपाट सोडायचं आणि त्यावर पाणी मारत राहायचं. दिवा लावायचा नाही. पण समोरच्या भिंतीतली वरची झडप चार बोटं उघडी. मी ती लावायला गेलो तर ओरडल्या, "अरे काय करून राहिले? हवा आत येईल तर जाईल कुठून? कूलर लावून कोंडून घेता, मग म्हणता गार होत नाही!" म्हणजे वरून आमच्या कूलरची घरघर ऐकून त्यांनी आमच्या खिडक्यांचा अंदाज बांधला होता. संध्याकाळी वारा फिरला की पुन्हा सगळं उघडायचं.

एक म्हातारा माणूस खाली गेला म्हणून माझी बायको खाली गेली. ती गेली म्हणून बाबूंची बायको तांदूळ निवडायला घेऊन गेली. "लो, हो गई ठंडक" म्हणणारी चौथ्या घरातली बाई दोन दिवस फुगून घरात बसली आणि तिसऱ्या दिवशी तान्ह्या पोराला घेऊन दारात आली. बहनजी म्हणाल्या, "आओ, तुम्हारी ही कसर थी." ती हसली आणि बसली. मेचे दिवस, त्यामुळे सगळ्यांची वाळवणं निघाली. वडिलांच्या पुढ्यात चिंचेची रास ठेवून बहनजी म्हणाल्या, "बाबा, डावा हात तर चांगला आहे नं? मग फुकट बसायचं नाही. चिंचोके काढा." मला भीती वाटली की ते चिडतील. त्यांनी एक चिंच उचलली, डाव्या हाताने दाबली, चिंचोका उडून बाबूंच्या बायकोच्या वेणीत जाऊन बसला. सगळ्या खिदळल्या. वडीलही हसले, अर्ध्या तोंडाने.

आठवड्याने केबल आली. वीज सुरू झाल्यावर मी वडिलांना वर न्यायला गेलो. त्यांनी खाटेचा दांडा धरला आणि मान हलवली. नाही. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट आला, "इथंच."

बहनजींचा कूलर बंदच होता, ओव्हरसियरने सांगितल्याप्रमाणे. माझा रोग्यासाठी म्हणून चालणार होता. मी खाली मान घालून उभा. त्या म्हणाल्या, "चलो, बरं झालं. तुमचाच आणा खाली. आमची खोली, तुमचा कूलर. आणि सांगून ठेवते, हा चालू असेल तोवर ह्या बिल्डिंगमध्ये दुसरा काही चालणार नाही. जिसको गर्मी लगे, वो यहाँ आए."

एवढीच ती योजना. दुपारी बाकीची तीन घरं कुलूप लावून त्या एका खोलीत यायची. कूलर मंद, झडप उघडी. मुलांना बहनजी पाढे म्हणायला लावायच्या आणि एखादं चुकलं की वडील चिंच फेकून मारायचे. त्यांचं बोलणंही तिथेच परत आलं. आम्ही घरात त्यांना सारखं "बाबा, काय म्हणता? पुन्हा सांगा" करायचो. त्या खोलीत कुणी विचारतच नव्हतं. बायकांना कळलं तर उत्तर द्यायच्या, नाही कळलं तर "हो हो, बाबा, बराबर" म्हणून पापड लाटत राहायच्या. त्यामुळे ते बोलू लागले.

जूनच्या शेवटी पावसाने जोर धरला. डॉक्टर वडिलांना तपासून म्हणाले, "निभावलं तुम्ही." त्याच आठवड्यात बहनजी छत्री मिटत आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आता भांडायचं आहे. वेळ आहे नं?"

"या."

"माझ्या कूलरचं नाव काहून घेतलं?"

"खोटं नाही बोललो. कूलर नवीन होता तुमचा."

"अच्छा! आणि तार? तार काय माझ्या कूलरने पिळली?"

माझी बायको चहाचा कप हातात घेऊन थिजली. तिला तारेचं माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरलेलो नाही.

"ओव्हरसियरला सांगणार की नाही, ते बोला," बहनजी म्हणाल्या.

"सांगतो."

"कब?"

"उद्या."

"ठीक. वहिनी, चहा द्या, थंड होऊन राहिला." त्या चहा प्यायल्या, वडिलांच्या डाव्या हाताची बोटं मोजल्यासारखी दाबून पाहिली आणि खाली गेल्या.

तो उद्या उजाडलाच नाही. त्याच सुमारास वरच्या ऑफिसातले एक साहेब इमारतींची मीटरं बघत आले. आमच्या इमारतीने त्या उन्हाळ्यात शेजारच्यांपेक्षा कितीतरी कमी वीज जाळली होती. त्यांनी विचारलं, हे कसं? ओव्हरसियर म्हणाला, "हमारे सुपरवायझर साहब वहीं रहते हैं. उन्हीं का इंतज़ाम है." साहेबांनी माझा हात हातात घेतला. मी "जी" म्हणालो. तारेची गोष्ट सांगितली असती तर हे "जी" गेलं असतं, आणि हे "जी" टिकवायचं तर ती गोष्ट गिळावी लागणार होती. मी गिळली.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांनी हुकूम काढला की प्रत्येक इमारतीत दुपारी एकाच खोलीत कूलर चालेल. कुठेच चाललं नाही. एका ठिकाणी खोली कुणाची यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. बाकीच्यांनी खिडकीला चादर बांधून आपापले कूलर चोरून चालवले. मला बोलावून विचारलं, तुमच्याकडे जमलं ते इथे का जमत नाही? मी हवेची दिशा, खोलीचं क्षेत्रफळ असं काहीबाही सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं. तिथे कुणी कुणाला "आधी बाबांना खाली आणा" म्हटलं नव्हतं. वीज वाचवायला आमच्या इमारतीतलंही कुणी बसलं नव्हतं. सगळे त्या खोलीत बसायला यायचे, आणि आले म्हणून मागे आपापल्या घरातलं बटण बंद करायचे. पुढे नोकरीभर मी चांगल्या तारा, चांगले पंखे, चांगले दिवे लावले. माणसं ते कसे वापरतात ह्याचा विचार मला त्या आठवड्याने लावला, आणि तो विचार माझा म्हणून लोकांनी ऐकला.

वडील दसऱ्यानंतर काठी टेकत गावी गेले. पुढच्या मेमध्ये स्वतः पत्र घालून आले, आणि नंतर दरवर्षी, होते तोवर. लोक उन्हाळ्यात जबलपूर सोडून पळतात, माझे वडील उन्हाळा काढायला जबलपुरात यायचे. स्टेशनवरून आले की पिशवी घेऊन थेट खालच्या घरात.

सुनेशी खोटं बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बहनजींना फोन लावला. यजमान गेल्यापासून त्या मुलीकडे नागपूरला असतात. ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्याने बोलतात. मी मंडळातलं सगळं सांगितलं, टाळ्यांसकट.

"म्हणजे अजून नाही सांगितलं तुम्ही?"

"नाही."

"बापरे! मी तर समजून राहिले होते, त्या ओव्हरसियरने तेव्हाच ऐकलं आणि दाबून टाकलं." मग म्हणाल्या, "बुरा तो लगा था, भाऊजी. शाळेत जाताना बायका विचारायच्या, तुम्हीच केबल जाळली नं?"

मी माफी मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, फोनवर, आणि त्यांना नीट ऐकू न आल्यामुळे दोनदा.

"झालं, झालं. आता मला सांगून काय? जिथे टाळ्या घेतल्या तिथे जाऊन सांगा. आणि लिहिणार असाल तर नावं टाकू नका कुणाची. त्या ओव्हरसियरची पोरं गावातच आहेत, त्यांना काहून त्रास?"

परवाच्या रविवारी मंडळात मी उभा राहिलो आणि सांगितलं. केबल मी जाळली, नाव त्यांचं पुढे केलं, खोली त्यांची, युक्ती त्यांची, आणि माझे वडील ज्या गारव्यात जगले तो त्यांच्या हातचा. सून पहिल्या रांगेत होती. सचिव गडबडले, "दादा, इतकी जुनी गोष्ट..." म्हणाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मला फार हलकं वाटलं. मग मागून एका बाईंनी हात वर केला. त्या चौथ्या मजल्यावर, गच्चीखाली राहतात, आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत.

"काका, ते गोणपाट दाराला आतून लावायचं की बाहेरून? आणि खिडक्या नेमक्या केव्हा बंद करायच्या?"

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. इतक्या वर्षांची सवय. मी ते आवरलं आणि म्हणालो, "ते त्यांनाच विचारा. मी नंबर देतो."

काल बहनजींचा फोन आला. "भाऊजी, हे काय लावून दिलं माझ्यामागे? सकाळपासून तीन बायकांचे फोन. एक तर व्हिडिओवर खोली दाखवून राहिली होती. माझी दुपारची झोप गेली!"

"मग काय सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं, खिडकी दाखवा आधी," त्या म्हणाल्या. "रखती हूँ, दुसरा येऊन राहिला."